एमजीबीचे हेडलाइट: बल्ब नंतर, आधी व्होल्ट मोजा

जुनी स्पोर्ट्स कार आहे म्हटलं की लोक इंजिनबद्दल विचारतात, गंजाबद्दल विचारतात, "पार्ट मिळतात का हो?" विचारतात, पण हेडलाइटबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कारण सरळ आहे, इथे इंग्लंडात बहुतेकांच्या अशा गाड्या उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी बाहेर पडतात, कुठल्यातरी पबच्या आवारात रांगेत उभ्या राहतात आणि उजेड असतानाच घरी येऊन झाकून ठेवल्या जातात. माझं तसं नाहीये. माझी 1972 ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली, आणि रस्त्यावर मीठ टाकलेलं नसेल तर मी ती हिवाळ्यातही काढतो, आणि हिवाळ्यात इथे चारलाच अंधार पडतो त्यामुळे गाडी काढली म्हणजे रात्रीच चालवली असं समजा.

मी राहतो वॉरिकशायरमधे. इथून खाली कॉट्सवोल्डकडे ए-429 जातो आणि स्टो-ऑन-द-वोल्डच्या आसपासचा त्याचा बराच भाग म्हणजे रोमन लोकांनी आखलेला फॉस वे. एकदम सरळसोट रस्ता, पण चढउतार आहेत तसेच ठेवलेले, त्यामुळे टेकाडाच्या पलीकडून समोरचा कधी वर येईल सांगता येत नाही. खांबावरचे दिवे नाहीत, दोन्ही बाजूला दाट झाडीचं कुंपण, वेगमर्यादा ताशी 60 मैल, आणि मधेच रस्त्यात येऊन विचार करत उभे राहणारे फेझंट, कोंबड्याएवढे रानपक्षी. एक बरं आहे की मोठ्या रस्त्यांवर मध्यरेषेवर ते कॅट्स आय असतात, रस्त्यात बसवलेले चकाकणारे काचेचे मणी, यॉर्कशायरच्या पर्सी शॉने 1934 मधे पेटंट घेतलं त्याचं, आपल्याच दिव्याचा उजेड परत आपल्याकडे फेकतात, दिवे मंद असले तरी रस्ता कुठे वळतोय एवढं तरी कळतं. पण मुख्य रस्ता सोडून खेडेगावाच्या गल्लीत शिरलात की तेही नाहीत, मग आहे तुम्ही आणि तुमचे दोन पिवळट गोल.

मूळ दिवे म्हणजे 7 इंची सील्ड बीम, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट सगळं एकाच बंद काचेच्या गोळ्यात, उडाला की अख्खा बदला. हा 7 इंची गोल आकार अमेरिकेने 1940 पासून सगळ्या गाड्यांना ठरवून दिला आणि मग जगभर पसरला, मिनी, लँड रोव्हर, जुनी पोर्श 911, आपली अँबॅसिडर, महिंद्राची जीप, सगळ्यांना तोच. त्यामुळे एक मोठी सोय झालीये की पन्नास वर्षं जुन्या गाडीचा हा एक पार्ट असा आहे की जो आजही कुठेही, कुठल्याही भावात मिळतो. आणि म्हणूनच लोक सगळ्यात आधी तोच बदलतात. नेटवर दोन क्लिक, घरी खोकं, अर्ध्या तासात बसवून फोटो. मला म्हणायचंय ते एवढंच की थांबा, आधी मीटर लावा.

माझ्या गाडीवर मोजलं ते सांगतो. इंजिन चालू, साधारण 2000 आरपीएम, दिवे लावलेले. अल्टरनेटरपाशी 13.9 व्होल्ट, मस्त. हेडलाइटच्या मागे प्लगमधे मोजलं तर 12.1. म्हणजे पावणेदोन व्होल्टच्या वर मधल्या मधे गायब. आता वाटतं की 13 टक्केच तर कमी आहे, काय फरक पडतो, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसतो, साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. हिशोब मांडला तर 13 टक्के व्होल्ट गेले की उजेड जवळजवळ 38 टक्के जातो. शिवाय जो उरतो तो पिवळा. म्हणजे बल्ब बिचारा चांगला आहे, त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. चाळीतल्या चौथ्या मजल्यावरच्या नळासारखं, टाकी भरलेली असते पण वरपर्यंत येईस्तो करंगळीएवढी धार.

हे व्होल्ट जातात कुठे ते बघायला एमजीबीची वायरिंग बघावी लागते. करंट स्टार्टरच्या सोलेनॉइडपासून ब्राऊन वायरीने निघतो, डॅशबोर्डवरच्या रॉकर स्विचमधे जातो, तिथून निळ्या वायरीने स्टीअरिंग कॉलमवरच्या डिपरच्या दांडीत, तिथून निळी-लाल डिपरला (खालचा, जवळचा उजेड) आणि निळी-पांढरी अप्परला (वरचा, लांबचा उजेड), मग परत अख्खं इंजिन ओलांडून पुढे जाळीमागे, तिथे पितळेचे बुलेट कनेक्टर रबराच्या नळीत खोचलेले, आणि तिथून दिव्यात. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट, आठ-दहा अँपिअर, त्या दोन छोट्या स्विचांमधून आणि त्या सगळ्या जोडांमधून. आणि कहर म्हणजे या सर्किटला फ्यूज नाही. मुळातच नाही, कंपनीनेच दिलेला नाही. कुठे वायर घासून बॉडीला लागली तर लूम, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, जळणार, बस.

त्या जाळीमागच्या बुलेट कनेक्टरची अवस्था मात्र बघण्यासारखी होती. रबर कडक होऊन चिरलेलं, ओढल्यावर आतून हिरवी-पांढरी पूड पडली, आणि पितळेच्या गोळीवर काळा थर इतका की नखाने खरवडला तरी निघेना. अर्थिंगची काळी वायर, म्हणजे दिव्यातून करंट गाडीच्या बॉडीकडे परत नेणारी, त्याहून वाईट. लोक पॉझिटिव्ह वायर बदलतात आणि अर्थ विसरतात, पण मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा, दिवा चालू ठेवून. माझ्याकडे तिथेच अर्धा व्होल्ट होता. (एमजीबीत हे करायला लांब वायर लागते कारण या वर्षांच्या गाड्यांत बॅटऱ्या दोन, 6-6 व्होल्टच्या, आणि त्या सीटच्या मागे कार्पेटखाली. का, ते अबिंग्डनच्या एमजी कारखान्यातल्या लोकांनाच माहीत. मी सरळ इंजिनाच्या ब्लॉकला लावलं, काम झालं.)

इथे लुकासची आठवण काढल्याशिवाय कुठलाही एमजीवाला पुढे जात नाही. गाडीतलं सगळं इलेक्ट्रिकल लुकासचं, बर्मिंगहॅमची कंपनी, आणि तिला जगभर 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' म्हणतात. गंमत म्हणजे या कंपनीचं नाव झालं ते 'किंग ऑफ द रोड' नावाच्या दिव्यांमुळे, सायकलला लावायचे तेलाचे दिवे. राजाचा राजपुत्र झाला, तो पण अंधाराचा. पण खरं सांगू का, मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. 1972 मधे नव्या गाडीत हे जोड चकचकीत असणार आणि दिवे ठीकच असणार. पन्नास वर्षं इंग्लंडच्या पावसात जाळीमागे पडून राहिल्यावर कुठल्याही कंपनीचं पितळ असंच होईल. आपल्याकडे लुकास-टीव्हीएसचे डायनॅमो-स्टार्टर अँबॅसिडरमधे वर्षानुवर्षं चालले, त्यांना कोणी शिव्या दिलेल्या मी ऐकल्या नाहीत.

तर मी हे सगळं मामाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून दाखवलं. मामा कोल्हापूरचे, जन्मभर जीप चालवली, रात्री-अपरात्री आंबोली घाट, फोंडा घाट उतरायची सवय. दिवे बघून म्हणाले, "काय रं, रस्ता दिसतोय का नुसता अंदाजानं हाणतोयस?"

मी म्हटलं, "अंदाजानंच म्हणा."

"मग शंभर-नव्वदचं बल्ब टाक की. पण आधी रिले बसव. रिले न बसवता टाकलंस तर ते तुझं नाजूक स्विच वितळतंय बघ."

शंभर-नव्वद म्हणजे अप्परला 100 आणि डिपरला 90 वॅट, आपल्याकडे हायवेवाल्यांचं लाडकं औषध. कायद्याने रस्त्यावर चालत नाहीत, ना तिथे ना इथे, आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळंच, त्यामुळे ते मी टाकले नाहीत. पण रिलेचं मामा बरोबर बोलले, लाख रुपयांची गोष्ट. दोन 100 वॅटचे बल्ब म्हणजे 16-17 अँपिअर, ते त्या जुन्या स्विचमधून गेले असते तर धूरच निघाला असता.

रिलेचं काम काय, तर जुनी वायर आणि जुने स्विच फक्त इशारा द्यायला वापरायचे. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअर पण लागत नाही, त्यामुळे स्विचवरचा भार गेलाच समजा. खरा करंट सोलेनॉइडवरून नव्या जाड वायरीने सरळ पुढे येतो. मी ब्राऊन वायर घेतली 44/0.30 ची, म्हणजे आत 0.30 मिलिमीटरच्या 44 तारा, मिळून 3 चौरस मिलिमीटर, 27.5 अँपिअरची, आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत 28/0.30, म्हणजे 2 चौरस मिलिमीटर, मूळ रंगांचीच, कारण उद्या दुसऱ्या कोणी बॉनेट उघडलं तर त्याला शिव्या घालायला लागू नयेत. दोन रिले, एक डिपरला एक अप्परला. आणि चार फ्यूज, 10-10 अँपिअरचे. चार का, तर डावा डिपर, उजवा डिपर, डावा अप्पर, उजवा अप्पर असे वेगळे. एकच फ्यूज ठेवला आणि तो भर वळणावर उडाला तर दोन्ही दिवे एकदम जाणार, त्यापेक्षा फ्यूज नसलेला परवडला. नवीन अर्थ दोन्ही बाजूंना वेगळी, पत्रा घासून चकाकी येईस्तोवर, वर ग्रीस.

जुनी लूम कुठेही कापली नाही. जाळीमागे जिथे बुलेट कनेक्टर होते तिथूनच निळी-लाल आणि निळी-पांढरी रिलेकडे वळवली, बाकी नवीन. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर दहा मिनिटांत सगळं काढून परत खोचता येईल. क्लासिक गाडीवाल्यांमधे एक जमात आहे जी प्रत्येक स्क्रू 'ओरिजिनल' पाहिजे म्हणते, त्यांनाही बॉनेट बंद असताना कळत नाही.

आता बल्ब. सील्ड बीम काढून त्याच मापाचा एच4 दिवा घेतला, म्हणजे ज्याचा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब वेगळा बदलता येतो तो, अप्पर 60 आणि डिपर 55 वॅट. एच4 चं प्रमाण 13.2 व्होल्टला डिपर 1000 लुमेन आणि अप्पर 1650 लुमेन, त्यात थोडं कमीजास्त. घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, पायलट बल्बचं (छोट्या पार्किंग दिव्याचं) भोक नसलेला घ्यायचा, कारण एमजीबीला साइडलाइट वेगळा खाली असतो आणि ते भोक मग नुसतं पाणी आत घेऊन रिफ्लेक्टर काळा करतं. दुसरी जास्त महत्त्वाची, काच कुठल्या बाजूच्या वाहतुकीची आहे. डिपरचा उजेड वरून सरळ कापलेला असतो आणि आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर चढतो, म्हणजे फुटपाथवरचा माणूस, पाटी वगैरे दिसावं. इंग्लंड आणि भारत दोन्ही डावीकडून, त्यामुळे तो डावीकडे चढला पाहिजे. स्वस्तात म्हणून जर्मनीतून मागवलात तर तो उजवीकडे चढेल, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. ओळखायचं कसं, तर समोर उभं राहून काचेवर बघायचं, डाव्या वाहतुकीच्या काचेवर आपल्या उजव्या हाताकडे दाखवणारा बाण कोरलेला असतो. बाण नसेल तर ती उजव्या वाहतुकीची. वर्तुळातला ई आणि आकडा पण शेजारीच असतो, तो मान्यतेचा शिक्का.

एलईडीबद्दल सगळेच विचारतात म्हणून लिहितो. एच4 बल्ब हातात घेऊन नीट बघा, डिपरच्या फिलामेंटखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि तो स्वच्छ कापलेला उजेड मिळतो. रिफ्लेक्टर आणि काच हे त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेले असतात, मिलिमीटरचा हिशोब. तिथे एलईडीच्या चपट्या पट्ट्या टाकल्या की उजेड भरपूर, पण कुठेही. भिंतीवर पांढराफेक दिसतो, रस्त्यावर पुढे मात्र काही नाही, आणि समोरचा ड्रायव्हर आंधळा. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत 1 एप्रिल 1986 पासून पुढच्या गाड्यांना हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घातलेला चालतच नाही. माझी गाडी त्याआधीची म्हणून सुटते, पण सुटतंय म्हणून करायचं असं थोडंच आहे. अख्खा 7 इंची एलईडी दिवा येतो, आजकालच्या जीपला असतो तसा, त्याचा उजेड नीट असतो हे मान्य, पण 1972 च्या क्रोमच्या कड्यात तो दिसतो भयाण, आणि काच गरम होत नाही त्यामुळे बर्फ पडला की काचेवर साचून राहतो. एका बाबतीत मात्र एलईडीची बाजू घेईन. 1967 च्या आधीच्या एमजीबीला डायनॅमो होता, 22 अँपिअरचा, त्यात वायपर, हीटर आणि हेडलाइट एकदम लावले की बॅटरी खायला सुरुवात, तिथे एलईडीने खरंच मदत होते. फक्त त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, तो प्रकार चालणारा एलईडी शोधा नाहीतर पहिल्याच दिवशी राम म्हणेल. माझ्या गाडीला 34 अँपिअरचा अल्टरनेटर आहे, त्याला एच4 ची जोडी काहीच जड नाही.

बसवतानाची एक गोष्ट. क्रोमचं कडं खालून सुटतं, आत एक रिंग आणि तिला तीन छोटे स्क्रू, तेवढेच सोडवायचे. वरचा आणि बाजूचा असे दोन मोठे स्प्रिंगवाले स्क्रू असतात त्यांना हात लावायचा नाही, ते दिव्याची दिशा ठरवणारे. माझे ते दोन्ही गंजून बसले होते, दोन दिवस तेल सोडत राहिलो तेव्हा एकदाचे हलले. आणि दिव्याच्या वाटीमागे मडगार्डात पन्नास वर्षांचा चिखल, भांडंभर निघाला. तो काढाच, पत्रा तिथूनच सडतो.

सगळं जोडून परत मीटर लावलं, 13.5 व्होल्ट. 12.1 चे 13.5, म्हणजे त्याच बल्बचा उजेड दीडपटीच्या जवळ. बल्बचं आयुष्य मात्र साधारण पाव होतं या हिशोबाने, कारण ते व्होल्टेजच्या तेराव्या घाताने घटतं. महिन्याला चार-दोन रात्री चालणाऱ्या गाडीला काय फरक पडतो, एक जोडी ग्लोव्ह बॉक्समधे पडून असते. (काचेला बोट लावू नका, तेलकट डागावर काच तापून जाते.)

मग दिशा. हे काम लोक टाळतात आणि मग म्हणतात नवीन दिव्याचा काही फरक नाही. सपाट जमीन, समोर भिंत, 10 मीटर अंतर. आमच्या ड्राइव्हवेवर 10 मीटर कुठून आणणार, म्हणून रात्री सुपरमार्केटच्या मागच्या पार्किंगमधे गेलो, बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवलं कारण माणसाच्या वजनाने ही गाडी मागे चांगली दबते, आणि मी भिंतीवर चिकटपट्टी लावत होतो. सिक्युरिटीवाला आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला, मग म्हणाला उजवा थोडा वर आहे. खरंच होता! दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली कापलेली रेषा आली पाहिजे, एक टक्का उतार.

आता याचा अर्थ नीट बघा. माझ्या गाडीचे हेडलाइट जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास, म्हणजे 60 सेंटिमीटर धरा. एक टक्का उताराने डिपरचा उजेड 60 मीटरवर जमिनीला टेकतो, पुढे फक्त डावीकडची ती चढती पट्टी. आणि इथल्या हायवे कोडमधे (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) ताशी 60 मैल वेगाला थांबायचं अंतर दिलंय 73 मीटर, ते पण कोरड्या रस्त्यावर. म्हणजे बल्ब कितीही भारी टाका, बुटक्या गाडीत डिपरवर 60 ने जाणं म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर जाणं. उंच एसयूव्हीला हा प्रश्न कमी, तिचे दिवे वर असतात. आणि तेच दिवे मग माझ्या थेट डोळ्यात, कारण मी बसतो त्यांच्या बंपरच्या उंचीला. यावर इलाज नाही, डावीकडच्या पांढऱ्या रेषेकडे बघायचं आणि पाय उचलायचा. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं, ते इथल्या काही लोकांच्या पुढच्या काचेवर आतून लिहायला पाहिजे.

अप्परवर मात्र मजा आली. फॉस वेवर समोर कोणी नसताना दांडी ढकलली, रिलेचा टक आवाज आला आणि झाडीचं कुंपण पार पुढच्या टेकाडापर्यंत उघडलं. पाट्या वाचता येतात. फेझंट लांबूनच दिसतो, त्याला विचार करायला वेळ मिळतो. बायको म्हणाली आता हीटरचं बघ, उजेडात गारठणं जास्त वाटतं.

आणखी एक फुकटातलं सांगतो, पुढची काच आतून पुसा. सॉफ्ट टॉपच्या गाडीत आतल्या बाजूने एक धुरकट थर बसतो जो दिवसा दिसत नाही, रात्री समोरच्या दिव्यात सगळं पांढरं करतो. पेपर आणि व्हिनेगर, दोन मिनिटांचं काम.

माझ्या गाडीला 40 वर्षांवरची म्हणून एमओटीची सक्ती नाही, तरी मी नेतो, दिव्यांची दिशा मशिनवर बघून मिळते म्हणून. बरोबर निघाली. पुण्यात-कोल्हापुरात जुनी जीप नाहीतर अँबॅसिडर असेल तर हेच सगळं तसंच्या तसं लागू, ॲक्सेसरीजच्या दुकानात एच4 साठी रिले आणि वायरिंगचं तयार किट मिळतं, फक्त आतली वायर किती जाड आहे ते टोक सोलून बघा, इन्सुलेशन जाड आणि आत चार तारा असला माल भरपूर आहे. माझ्या गाडीत आता मागच्या दिव्यांची अर्थ राहिलीये, ब्रेक दाबला की उजवा साइडलाइट पण उजळतो. म्हणजे तिथेही हिरवी पूड असणार.